शेजाऱ्यांना कोण म्हणून सांगायचं?

ढेकूण ज्याच्या घरात असतो, त्याच्या घरात तो कधीच नसतो. तो मैत्रिणीकडे असतो, नाहीतर चुलतभावाच्या भाड्याच्या खोलीत. पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन येतो तो नेहमी असा: आवाज खाली, दार लावलेलं, आणि विचारणारा केवळ परोपकारी.

वहिनींना हे तोंडपाठ होतं. दिराच्या पेस्ट कंट्रोल कंपनीत त्यांनी बारा वर्षं काढली होती, आधी फोनवर आणि मग प्रत्यक्ष कामावर. दीर त्यांना वहिनी म्हणायचा म्हणून अख्खी कंपनीच वहिनी म्हणू लागली. फवारणीवाले त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे असले तरी.

बिनसलं ते औषधावरून. वहिनींचं म्हणणं, ढेकणांना फवारा पुरत नाही, खोली तापवावी लागते. यंत्र लावा, पाच-सहा तास थांबा, अंडी-पिल्लांसकट विषय संपवा. दिराचं म्हणणं, एवढा वेळ थांबायला आपण काय पाहुणे आहोत? फवारा मारा आणि पुढचं घर गाठा. पुन्हा झाले तर पुन्हा बोलावतील, त्यात वाईट काय? वहिनींनी त्याच दिवशी टेबल आवरलं. दीर सगळ्यांसमोर, अगदी गोड आवाजात म्हणाला, "चाळीस दिवस तुमची खुर्ची रिकामी ठेवतो, वहिनी. परत या, मी एका शब्दानं बोलणार नाही."

तो एका शब्दानं बोलणार नाही, हेच वहिनींना जास्त झोंबलं. चाळीस दिवसांत स्वतःचा धंदा उभा राहिला नाही, तर त्या न बोललेल्या शब्दाखाली उरलेली नोकरी काढायची होती.

त्यांनी एक जुनी व्हॅन घेतली, तापवायची दोन यंत्रं घेतली आणि गिऱ्हाइकांनी चौकशी करावी म्हणून इंटरनेटवर आपलं एक पान करायला बसल्या. लँडिंग पेज म्हणतात ते. जाहिरातीवर बोट ठेवलं की माणूस थेट त्या पानावर उतरतो आणि फॉर्म भरतो. निदान भरावा अशी अपेक्षा असते. तयार चौकटी मिळतात, त्यांत आपला मजकूर आणि फोटो घालायचे. वहिनींनी ते तीन दिवसांत केलं, आणि केलं ते बारा वर्षांचा अभिमान ओतून. वरती व्हॅनचा फोटो. व्हॅनवर उशीएवढा ढेकूण रंगवलेला, त्याला मिशासुद्धा. खाली गाद्यांचे फोटो, कामाआधी आणि कामानंतर. मग फॉर्म: नाव, फोन, पत्ता, इमारत, मजला, ढेकूण कधीपासून, आले कुठून असावेत.

नवरा वाचनालयात नोकरीला. त्यानं चष्मा वर करून फॉर्म वाचला. "अगं, हा फॉर्म आहे की जबानी?"

वहिनी म्हणाल्या, माहिती नसेल तर मी जाऊ कुठे, आकाशात?

बावीस दिवस गेले. पानावर दोनशे चौदा माणसं येऊन गेली. भरलेला फॉर्म आला एक. त्यात नावाच्या जागी 'अबक' होतं आणि फोन नंबर निघाला दिराच्याच कंपनीतल्या कारकुनाचा. दर विचारत होता बिचारा. वहिनींनी त्याला दर कळवला आणि साहेबांना नमस्कारही.

ओळखीतून मिळालेली चार कामं तेवढी झाली होती. त्यांतलंच एक एका गाणं शिकवणाऱ्या बाईंचं. तेविसाव्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच वहिनी हातातलं काम टाकून ऐकू लागल्या. पानावरच्या दुसऱ्या फोटोतली पिवळ्या चौकड्यांची चादर त्यांची होती. रोज गॅलरीत वाळत पडणारी ती चादर समोरच्या बाईंनी ओळखली, आणि समोरच्या बाईंना कळलं म्हणजे काय ते सांगायला नको. तीन विद्यार्थिनींनी येणं बंद केलं होतं.

वहिनी तडक त्यांच्या घरी गेल्या. दारात उभं राहूनच फोनवरून तो फोटो काढून टाकला आणि मग माफी मागितली. बाईंनी आत घेतलं. चहाचं विचारलं नाही, पण खुर्ची दिली.

"मी तुमचा नंबर मिळवला तो न्हाणीघरात बसून, नळ सोडून," बाई म्हणाल्या. "यांनासुद्धा कळू द्यायचं नव्हतं. तुमचं हे पान आधी पाहिलं असतं, तर तुम्हाला बोलावलंच नसतं. मला ढेकूण जायला हवे होते, हे खरं. पण त्याआधी मला ते आलेच नव्हते असं हवं होतं."

वहिनी घरी आल्या आणि त्यांनी पानाचा हिशेब उघडला. दोनशे चौदांतले जवळपास शंभर फॉर्मपर्यंत उतरले होते आणि पहिल्याच रकान्यावरून, नावावरून, माघारी फिरले होते. शंभर माणसं न्हाणीघरात नळ सोडून बसलेली त्यांना दिसली. आणि आपण त्यांना मिशावाला ढेकूण दाखवत होतो.

त्यांनी अख्खं पान पुसलं. नवरा म्हणाला, निदान गाद्या तरी ठेव, मेहनतीच्या आहेत. त्यांनी गाद्याही पुसल्या. दुसऱ्या दिवशी डबा आणि ब्रश आणून व्हॅन पांढरी केली. पहिल्या हातानंतर मिशा आतून दिसत होत्या. दुसरा हात मारला.

नव्या पानावर सर्वांत वर एकच ओळ गेली: आम्ही आलो होतो हे कोणाला कळणार नाही. त्याखाली बेताचं: गाडीवर काही लिहिलेलं नाही. नाव आम्ही विचारत नाही. खोली एका दिवसात तापवून देतो. महिन्याभरात पुन्हा दिसले तर फुकट येतो. फॉर्मला चारच रकाने उरले, पत्ता मागाहून फोनवर. नंबर. खोल्या किती. फोन करावा की मेसेज, आणि किती वाजता. आणि चौथा: शेजाऱ्यांना आम्ही कोण म्हणून सांगायचं?

नवऱ्यानं हसून हसून डोळे पुसले. असलं कोण भरेल, म्हणाला.

पहिल्या दिवशी दोघांनी भरलं. आठवड्यात नऊ झाले. पडदे मोजणारी. विम्याची बाई. माहेरची लांबची बहीण. एकानं लिहिलं, कोणीही चालेल पण डॉक्टर नको. एका एकट्या राहणाऱ्या गृहस्थानं लिहिलं, 'माझी बायको', तेव्हा मात्र नवऱ्यानं पेपर खाली ठेवून रीतसर हरकत नोंदवली. वहिनींनी त्या गृहस्थाला मेसेज करून विम्यावर तडजोड केली.

चाळिसाव्या दिवशी त्या वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्या होत्या. यंत्र घेऊन दुसऱ्या मजल्यावर पोचल्या, तर शेजारीणबाई कुंड्यांना पाणी घालायच्या निमित्तानं जिन्यातच उभ्या. कोणाकडे, कशाला, केव्हाचं बिघडलंय. चौकशी रंगात आली होती, तोच फोन वाजला. दीर.

"मग, उद्या येताय ना, वहिनी?"

"नाही, भावजी. या आठवड्यात मला अकरा ठिकाणी जायचंय."

"अकरा? कोण आहेत, नावं तरी ऐकू."

"नावं मला माहीत नाहीत."

दीर मनापासून हसला. खोटं बोलताना निदान चार नावं तरी जुळवायची होती, म्हणाला.

"खरंच माहीत नाहीत," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "म्हणून तर बोलावतात. ती खुर्ची कोणाला तरी देऊन टाका, भावजी. मी येणार नाही."

 दीर एवढंच म्हणाला, बरं.

शेजारीणबाईंच्या झारीतलं पाणी कुंडी सोडून जिन्यावर चाललं होतं. "दीर का?" त्यांनी हळूच विचारलं. "वाटणीवरून?"

वहिनींनी नुसता मोठा सुस्कारा टाकला. त्या सुस्काऱ्यावर बाईंचा अख्खा दिवस निघणार होता. यंत्राविषयी विचारायचं त्या साफ विसरल्या.

वहिनी आत गेल्या, दार लावलं, गादी भिंतीला उभी केली आणि यंत्राची पिन खोचली. उष्णतेचा काटा हलायला लागला. खोली तापेपर्यंत त्यांनी बाहेरच्या खोलीत स्टुलावर बसून पानावर आलेली नवी चौकशी उघडली. तीन खोल्या. मेसेज करावा, दुपारी दोननंतर. शेजाऱ्यांना सांगायचं: घड्याळ दुरुस्त करणारी.

घड्याळाला एवढं मोठं यंत्र कशाला लागतं, याचा त्या विचार करू लागल्या.