बियाला राखलेली अंबाडी

आमच्या कॉलनीतल्या लोकांना गांजा ओळखता येतो, अंबाडी ओळखता येत नाही. यातले निम्मे लोक पारनेर, पाथर्डी, शेवगावकडून सावेडीत आलेले. अंबाडीची भाजी खाऊनच वाढलेले. पण दारात फरशी बसली की यांना शेतातलं काही आठवत नाही. हे मी चिडून लिहितो आहे आणि त्यातून स्वतःला वगळत नाही.

आई गेल्यावर वडील आमच्याकडे राहायला आले, ते फडक्यात अंबाडीचं बी बांधून. गावाकडे बाजरीच्या कडेनं त्यांच्या अंबाडीच्या दोन ओळी ठरलेल्या. कोवळ्या पाल्याची भाजी व्हायची. फुलावर आली की कापून ओढ्याच्या डबक्यात कुजत घालायची, मग साल सोलून धाग्यांचा वाख काढायचा आणि त्याचे कासरे, दावी वळायची. पोळ्याला बैलाच्या अंगावर विकतचा दोर त्यांनी कधी चढू दिला नाही. एक कोपरा मात्र ते कापत नसत. तो बियाला राखलेला असे. पुढे जमीन वाट्यानं दिली, वाटेकऱ्यानं बांधावर तणनाशक मारलं आणि त्या ओळी संपल्या. उरलं ते फडक्यातलं बी, तेही तीन वर्षं जुनं.

"औंदा न्हाई पेरलं तर मेलंच म्हनायचं," वडील म्हणाले आणि आषाढात कुंपणाच्या आतल्या पट्टीत ते सगळं पेरून मोकळे झाले. त्यासाठी बायकोचे गुलाब काढावे लागले. उगवली अकरा झाडं.

वडील रोज सकाळी एकेका झाडापाशी थांबत. खालची चार पानं खुडून देत. बायको कण्या घालून भाजी करी, वर लसणाची फोडणी. "खा, पर शेंडा कुनी मोडू नका," ते बजावत. यंदा वाख नको, दोर नको, सगळी अकरा झाडं बियाला, असं त्यांनी ठरवलं होतं. दसऱ्यापर्यंत झाडं माझ्या डोक्याच्या वर गेली. पिवळी फुलं येऊन गेली, बोंडं धरली. बी पिकायला अजून महिना तरी हवा होता.

एका शनिवारी संध्याकाळी कोणीतरी आमच्या झाडाचा फोटो कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. शेजारी इंटरनेटवरचं गांजाचं पान. दोन्ही पानं दिसायला सारखी, हे खरं आहे. मी लिहिलं, "ही अंबाडी आहे." त्यावर हसरे चेहरे आले. "सर, सगळे असंच म्हणतात," एकानं लिहिलं. मी शाळेत शिकवतो. दुसऱ्यानं कळवलं की पोलिसांना फोन केलाय, उद्या येतील.

वडिलांना सांगितलं तर त्यांना मजाच वाटली. "येऊ दे की. गांजाला कवा आसलं बोंड येतं व्हय? मी दावतो त्यास्नी."

मला मात्र दारातली पोलिसांची गाडी दिसत होती आणि पोरांच्या मोबाईलवर फिरणारा तिचा व्हिडिओ. ही अंबाडी आहे हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही मी भ्यालो. रविवारी सकाळी वडील दूध आणायला गेले आणि मी अकराच्या अकरा झाडं उपटली. खोडाचे काटे तळहातात घुसले. झाडं मोडून पोत्यात कोंबली आणि घंटागाडीत टाकली.

वडील परत आले. उकरलेल्या पट्टीकडे बघत उभे राहिले. दुधाची पिशवी हातातच.

"बोंडं?"

"गेली सगळी."

"कच्ची हुती अजून," ते म्हणाले आणि पायरीवर बसले. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

अकराच्या सुमारास हवालदार आला, मोटारसायकलवर एकटाच. त्यानं काही विचारायच्या आत मीच सांगू लागलो की सगळं काढून टाकलंय, काही शिल्लक नाही. चोराच्या तोंडी शोभेल असं माझं बोलणं. त्यानं मोबाईलवरचा फोटो मोठा करून पाहिला आणि खो खो हसला.

"अहो सर, ही तर अंबाडी हाय! आपली जुनी, काट्याची. आमच्या गावाकडं आता हुडकून घावत न्हाई." मग पायरीवरच्या वडिलांकडे वळून त्यानं हात जोडले. "बाबा, मूठभर बी द्या की मला. म्हातारी लई दिवस मागं लागलीय."

वडिलांनी माझ्याकडे बोट केलं.

"ह्याला मागा," ते म्हणाले. "शेवटचं ह्याच्याच हातात हुतं."