फ्लॉपी कपाळाला लावणारे काका

नेरूळला आमच्या घरी नवीन कॉम्प्युटर आला आणि मी कॉलेजचं प्रोजेक्ट टाइप केलं. पंधरा पानं, चित्रांसकट, एका दिवसात! उद्या सबमिशन, आणि ते उडालं तर? म्हणून बॅकअपचं सॉफ्टवेअर घ्यायला सीपीयू चादरीत गुंडाळून रिक्षाने जवळच्या शिरवणे गावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकानवाल्या काकांचं नाव मी कधी विचारलंच नाही. ते प्रत्येक फ्लॉपी आधी कपाळाला लावायचे, मगच आत घालायचे.

माझं टायपिंग किती फास्ट आहे, हे मी त्यांना पोचल्यापोचल्या सांगितलं. दोन सॉफ्टवेअर होती. मला चकाचक खोक्यातलं हवं होतं.

"खोका बघून घेतोस? जा, नाक्यावरून वडे आन. गरम घाना निघंपरत थांब."

वडे घेऊन आलो, तोवर दोन्ही सॉफ्टवेअरनी घेतलेला बॅकअप फ्लॉप्यांवर तयार. मग काकांनी माझ्यादेखत मूळ फाईलच डिलीट केली!

"काका!!"

"वरडू नको. बॅकअप सगलेच घेतात. परत कोन आनतो, ता बगायचा."

फाईल परत आणताना चकाचक खोक्यातल्याने तिसऱ्या फ्लॉपीवर मान टाकली. काकांनी दुसऱ्या सॉफ्टवेअरची फ्लॉपी कपाळाला लावली, जरा जास्तच वेळ. आणि फाईल आली!

"आणि ही पण आली नसती तर?"

काकांनी ड्रॉवर उघडला. आत माझं अख्खं प्रोजेक्ट, प्रिंट काढलेलं.

"बगून परत टाइप मारला असतास. तुजा टायपिंग फास्ट हाय ना?"

घरी पहिली फ्लॉपी घालताना माझा हात आपोआप कपाळाकडे गेला.