रूपालीचं पारणं आन आमची ब्राह्मी

ब्राह्मी माझी धाकटी भैन. आमच्या गल्लीत एम.एस.डब्ल्यू. झालेली पहिली, आन मला इचाराल तर शेवटची बी तीच, कारण एवढं डोकं दुसऱ्या कुणाच्या घरात न्हाई. मी आठवीतनं सुटलो. पर सांगलीच्या बाजारात द्राक्षाचा दर फुटायच्या आधी लोक माझ्या तोंडाकडं बघत्यात. मग भैन कुणाची?

आता ती साताऱ्याला एका संस्थेत बायकांच्या अडचणी बघती, शनिवारी घरी येती. कॉलेजात काय शिकवलं म्हणून इचारलं, तर म्हनली, "दादा, गप बसून ऐकायला." दोन वर्सं घालवून गप बसायला! मला तवाच संशय आला, ही कायतरी लपवती.

गेल्या भादव्यात आमचं जैनांचं दशलक्षण पर्व सरलं, समद्यांनी उपास सोडले. समोरच्या जवाहरकाकाची सून रूपाली मातूर सोडंना. दिवस मावळायच्या आत उकळलेलं पाणी, बास. सासू त्रिशलाकाकू येईल त्याला सांगायची, "आमची रूपाली लय धार्मिक." बाया पाया पडून जायच्या. पर काकू तिला कुणापाशी एकटी सोडायची न्हाई, दार कायम अर्धं लावलेलं. म्हनलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

शनिवारी ब्राह्मीनं तिला बघितलं आन आधी डॉक्टरला बोलावलं. डॉक्टर म्हनले, "सलाईन लावू देत न्हाई. आता पोटात काय गेलं न्हाई तर पोरगी हातची जाईल."

ब्राह्मी म्हनली, "काकू, मला तिच्याशी एकटीशी बोलायचंय."

"आमच्यासमोर बोल की. घर फोडायची डिग्री हाय व्हय तुझी?"

मी उठलोच. "काकू, साताऱ्यात सायेब लोक हिला खुर्ची देत्यात!"

"दादा, तू भाईर बस." मलाच!

बसलो कट्ट्यावर. जवाहरकाका माझ्याकडं बघतोय, मी त्याच्याकडं.

"तुझी भैन आत काय करती रं?"

"तुमी काय केलंय ते बघती."

आतनं लय येळानं रडणं ऐकू आलं. मग ब्राह्मी भाईर आली.

"रूपालीनं सांगा म्हनलं, म्हणून सांगती. आपल्यात पारण्याला म्हायेर येतं. लग्नाच्या पंगतीतनं तिचा भाऊ रुसून गेला, तवापासनं तुमी त्याला उंबरा चढू दिला न्हाई. तिला वाटलं, उपास लांबवला तर पारण्याला तरी बोलवाल. तुमी बोलवंना, ती सोडंना."

"खरं कशावरनं?" काकू उसळली. "हिनंच पढवलं असंल!"

काका उठून आत गेला. "पोरी, खरं हाय?"

"व्हय, मामंजी."

काकानं तिथंच फोन लावला. काकू म्हनली, "त्यो आला तर मी स्वयंपाकघरात पाय ठेवणार न्हाई."

घरी आल्यावर मी इचारलं, "आनखी काय म्हनली गं रूपाली?"

"ते तुला न्हाई सांगायचं."

"अगं, मी भाऊ हाय तुझा!"

"म्हणूनच. सकाळच्या आत गल्लीला कळंल."

दुसऱ्या दिवशी ऊन पडताना रूपालीचा भाऊ गोमटेश मोटारसायकलवरनं आला आन उंबऱ्याभाईरच थांबला. काकूनं त्याला खालपासनं वरपर्यंत न्याहाळलं. मग स्वयंपाकघरात गेली आन मुगाच्या पाण्याची वाटी आणून त्याच्या हातात दिली.

"चमच्या-चमच्यानं पाज. एकदम न्हाई. डॉक्टरनी सांगितलंय."