दुसरं बटण

बातमी आली तेव्हा मी एका पेशंटच्या अंगठ्याला प्लॅस्टिकची पट्टी बसवत होते. रिसेप्शनवरची मुलगी दारात येऊन नुसतीच रडायला लागली... ओळखलं मी. डॉक्टर सोनवळकर आठ दिवसांपासून पुण्याला लेकीकडं होते. छातीत दुखतंय हे कुणाला सांगितलंच नव्हतं, आणि तिथंच गेले. मला रडू नाही आलं, राग आला. गावभरच्या लोकांना दुखणं अंगावर काढू नका म्हणून झापणारा माणूस, आणि स्वतःची कळ सांगायला जीभ उचलली नाही? महिना उलटून गेलाय, राग काही उतरत नाही. उलट आता त्यात वाटेकरी वाढलेत.

मी त्यांच्याकडं पहिल्या दिवसापासून फिजिओथेरपिस्ट. उस्मानपुऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत त्यांनी फक्त हातांचं हॉस्पिटल काढलं तेव्हा लोक हसले होते. "उद्या नाकाचं वेगळं काढाल!" पण वाळूजच्या कारखान्यांतून तुटून येणारी बोटं त्यांनी सरकारी नोकरीत पाहिली होती. कुणी रुमालात बांधून आणायचं, कुणी थेट बर्फात टाकून वाया घालवलेली, एकानं तर चक्क दुधात बुडवून आणलं होतं. मग सुट्टीच्या दिवशी डॉक्टर कारखान्याच्या गेटवर उभे राहून ओरडायचे, "बोट ओल्या स्वच्छ कापडात, कापड पिशवीत, आणि ती पिशवी बर्फात! सरळ बर्फात टाकलंत तर माझ्याकडं येऊच नका!" कामगार हसायचे, पण लक्षात ठेवायचे.

पत्रा दाबणाऱ्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो, म्हणजे हात आत राहूच शकत नाही. तरी बोटं येतच होती, कारण काम झपाट्यानं व्हावं म्हणून एक बटण चिकटपट्टीनं कायमचं दाबून ठेवलेलं असायचं. एक हात बटणावर, दुसरा ठोकळ्याखाली. हे कळल्यावर डॉक्टरांनी केसपेपरवर एक ओळ छापून घेतली : दुसरं बटण कुणी बांधलं? पेशंट नीट शुद्धीवर आला की स्वतः विचारायचे, स्वतः लिहायचे, वाचून दाखवायचे आणि खाली सही ठोकायचे. भरपाईच्या दाव्याला तोच कागद लागायचा. मग कारखान्याचे साहेब मिठाईचे पुडे घेऊन हजर. "डॉक्टरसाब, इतकंच लिहा ना, त्याचं ध्यान नव्हतं." मिठाई नर्सेस खायच्या, ओळ जागची हलायची नाही.

एकदा मात्र आमची जुंपली. फर्दापूरकडचा विष्णू म्हणून कामगार होता. बँडेजमधला हात पुढं करून म्हणाला, "नका लिहू साहेब, माझं काम जाईल." डॉक्टरांनी लिहिलं. काम गेलं. त्याच्या बायकोनं माझ्या खोलीत येऊन तोंड सोडलं, "बोटं जोडली तुम्ही, व्हय, पन खायाचं काय? तुमाला लिहायला काय लागतंय?" मी तशीच डॉक्टरांच्या केबिनमध्ये घुसले आणि तिचंच बोलणं त्यांना ऐकवलं, वर माझे चार शब्द. ते खाली मान घालून ऐकत राहिले. मग म्हणाले, "शोभाताई, त्याच मशीनवरचा दुसरा माणूस काल आलाय. तिसरा येऊ नये म्हणून लिहितो मी. पण विष्णूचं वाटोळं मी केलं, ते कबूल आहे." मला ते उत्तर तेव्हा पुरलं नाही, आजही पुरत नाही. माणूस गेला म्हणून मी ते गोड करून सांगणार नाही.

आणि शोकसभेत पहिल्या रांगेत कोण? विष्णूला काढून टाकणाऱ्या त्याच कारखान्याचे मालक! माईक हातात घेऊन म्हणाले, "देवमाणूस होता." देवमाणूस म्हणे... बटणं मोकळी करा म्हणून सांगायला केलेला त्या देवमाणसाचा फोन यांनी कधी उचलला नाही. मी उठून बाहेर आले, नाहीतर तिथंच तमाशा झाला असता.

पुढच्या आठवड्यात नवे केसपेपर छापून आले. गुळगुळीत कागद, कोपऱ्यात डॉक्टरांचा हसरा फोटो, आणि ती ओळ गायब. आता हॉस्पिटल चालवणारा तरुण सर्जन त्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्याला विचारलं तर म्हणतो, "ताई, आपण उपचार करायचे. आपण काय पोलीस आहोत?" मी म्हटलं, "मग तो फोटो तरी कशाला छापलास? काढून टाक." तो मोबाइलमध्ये बघत बसला.

परवा प्रेसवर काम करणारी एक बाई आली, सुनीता नावाची. उजव्या हाताची तीन बोटं. दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, बटण कुणी बांधलं होतं? तिनं उलट मलाच विचारलं.

"लिहिलं तर काम जाईल का, मॅडम?"

"जाऊ शकतं," मी म्हटलं. "तू नको म्हणालीस तर मी लिहिणार नाही."

डॉक्टरांनी हे कधी कुणाला म्हटलं नव्हतं. म्हणायला हवं होतं.

तिनं बँडेजमधल्या हाताकडं बघितलं. मग म्हणाली, "माझ्या जागी उद्यापास्नं माझी जाऊ बसनार हाय त्या मशीनवर." आणि सुपरवायझरचं नाव सांगितलं. "लिहा."

कागदावर जागाच ठेवलेली नव्हती, म्हणून मी मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. तरुण सर्जननं सही करायला नकार दिला. माझ्या सहीला कोण विचारतंय, मला काय ठाऊक नाही? तरी केली, पूर्ण नावानिशी. सुनीता ते बघत होती. तिनं पेन मागितलं, कागद मांडीवर घेतला, आणि लिहायला कधी न वापरलेल्या डाव्या हातानं, वेळ घेत, माझ्या नावाखाली आपलं नाव लिहिलं.