लाल प्रकाशाआधीचे आठ दिवस

मुलाचं लग्न ठरलं तेव्हा माझी धाकटी बहीण म्हणाली, "ताई, वरमाईचा चेहरा मी करणार. तू मध्ये बोलायचं नाहीस."

ती तरसालीत राहत्या घराच्या पुढच्या खोलीत पार्लर चालवते. मी तिथून दोन सोसायट्या सोडून राहते. त्या डिसेंबरात तिने नवीन मशीन आणलं होतं. जेवणाच्या ताटापेक्षा जरा मोठी चौकोनी पाटी, बटण दाबलं की लाल दिव्यांनी भरून जायची. रोज दहा मिनिटं चेहरा त्यासमोर धरायचा, डोळ्यांवर काळा चष्मा लावायचा. चेहरा उजळतो, सुरकुत्या मऊ पडतात, असं ती सांगत होती. मशीन पार्लरमधून माझ्या घरी आणून द्यायलाही ती तयार होती.

"पण लगेच नाही बसायचं," ती म्हणाली. "आधी आठ दिवस स्किन तयार करायची. ब्लीच नाही, थ्रेडिंग नाही, स्क्रब नाही. तुझं ते झोपतानाचं सुरकुत्यांचं क्रीम बंद. कोमट पाणी, साधा फेसवॉश, आणि मऊ पंचाने नुसतं टिपायचं. घासायचं नाही. आणि बीपीच्या गोळ्यांचं पाकीट मला दाखव. काही गोळ्यांनी स्किनला उजेड सोसत नाही, डॉक्टरांना विचारून घेऊ."

"पावडर चालेल ना? कॉम्पॅक्ट?"

"काहीच नाही. घरात कशाला हवंय तुला कॉम्पॅक्ट?"

मी विषय गोळ्यांवर नेला. कारण माझ्या डाव्या कानशिलावर, केस सुरू होतात त्याच्या जरा अलीकडे, मसुराच्या दाण्याएवढा एक काळा डाग होता आणि तो मी एक वर्षाहून जास्त काळ कॉम्पॅक्टखाली झाकत होते.

तो तीळ नव्हता. तिळाची मला सवय आहे, अंगावर पुष्कळ आहेत. ह्याची कड किंचित वर आलेली आणि चकचकीत होती, ओला असल्यासारखी. एकदा तोंड पुसताना त्यातून रक्त आलं. नख लागलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. महिनाभराने परत आलं, तेव्हा केसांची पिन लागली असेल असं सांगितलं. मग डाव्या बाजूला केस जरा पुढे घेऊन विंचरायला लागले.

घाबरण्याला कारण होतं. आमचे वडील रेल्वेत होते. त्यांच्या गालात आतून एक जखम झाली होती आणि ते वर्षभर म्हणत राहिले, तंबाखूतला चुना लागलाय. मी एकोणीस वर्षांची होते. शेवटचे चार महिने मी त्यांना चमच्याने पेज भरवली, आणि ती गालातून बाहेर येताना पाहिली. बहीण तेव्हा दहा वर्षांची, तिला मामाकडे पाठवलं होतं. म्हणून ती डॉक्टरकडे बिनधास्त जाते. मला दवाखान्याच्या फिनाइलच्या वासानेसुद्धा तळहातांना घाम सुटतो.

ते आठ दिवस मी सगळं तिच्या सांगण्याप्रमाणे केलं. रोज सकाळी कोमट पाण्याने तोंड धुवायचं, पंचाने टिपायचं आणि आरशात बघायचं. वर काही लावायला मनाई, त्यामुळे बघण्यावाचून सुटका नव्हती. वर्षभर मी तो डाग झाकायला जेवढा लागतो तेवढाच बघितला होता. आता तो रोज समोर. तिसऱ्या दिवशी मला वाटलं, वाढलाय. चौथ्या दिवशी वाटलं, नाही, तेवढाच आहे. पाचव्या दिवशी एक मसुराचा दाणा डब्यातून काढून शेजारी धरून बघितला. दाणा लहान होता. मी तो सिंकमध्ये टाकला आणि कुकर लावला, आणि शिट्ट्या मोजायचं विसरून गेले.

आठव्या दिवशी जाऊ नये असं मनात होतं. सर्दी झाली म्हणून सांगणार होते. पण गेले नाही तर ती मशीन घेऊन घरी येईल हे माहीत होतं, म्हणून गेले.

तिने मला खिडकीशी बसवलं. कानातलं काढायला लावलं, टिकली काढली. म्हणाली, "आज चेहऱ्यावर नाही हं. आधी हाताच्या आतल्या बाजूला तीन मिनिटं देऊन बघू, लाल झालं नाही तर उद्यापासून चेहरा." मग माझे केस मागे घेऊन पट्टा लावला आणि ओल्या कापसाने चेहरा पुसायला लागली.

"कलप नीट धूत जा ग," ती म्हणाली. "इथे डाग राहिलाय बघ."

तिने तो कापसाने पुसला. गेला नाही. तिने थोडा जोर दिला. मग तिचा हात थांबला. मी डोळे मिटून बसले होते, तरी तिच्या हातातला कापूस लाल झाला असणार हे मला कळलं.

"ताई, हे कधीपासून आहे?"

"असंच आहे ते."

"असंच म्हणजे कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"ह्या दिवाळीपासून?"

"गेल्या."

मशीनची पिन तिने भिंतीतून काढून टाकली. मग माझ्यासमोर स्टूलवर बसली. "मी दर महिन्याला तुझ्या भुवया करते. मला कसं दिसलं नाही?"

"मी यायच्या आधी कॉम्पॅक्ट लावायचे. आणि त्या बाजूला केस घ्यायचे."

"माझ्यापासून लपवण्यासाठी?"

"लग्न होऊ दे," मी म्हटलं. "दीड महिन्याचा प्रश्न आहे. लग्नघरात आत्ता काही नको. मग दाखवू, मी वचन देते."

"नाही."

"तुला कळत नाहीये. बाबांचं तू बघितलं नाहीस."

"नाही बघितलं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "कारण मला कुणी बघू दिलं नाही. मामाकडून परत आले तेव्हा बाबा नव्हते. आता मी सत्तेचाळीस वर्षांची आहे, ताई. आता मला कुठेही पाठवायचं नाही."

दुसऱ्या दिवशी तिने पार्लर बंद ठेवलं आणि मला स्कूटरवर मागे बसवून त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. बाई तरुण होत्या. त्यांनी भिंगासारखं एक छोटं यंत्र डागावर टेकवलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. "गभराशो नहीं, बेन," त्या गुजरातीत म्हणाल्या, पण एवढं बोलून पुन्हा बघायला लागल्या. इंजेक्शन देऊन त्यांनी त्यातला छोटा तुकडा काढला, एक टाका घातला, वर पट्टी. रिपोर्टला आठ-दहा दिवस, मध्ये संक्रांतीचं उत्तरायण येतंय म्हणून कदाचित जास्त.

यजमानांना मी सांगितलं, बहिणीच्या कंगव्याने खरचटलं. त्यांनी विश्वास ठेवला. रिफायनरीतून निवृत्त झाल्यापासून ते लग्नाच्या याद्या करण्यात गुंतले होते. मी कामं करत होते, पण दुपारी जेवणं झाली की सोसायटी शांत व्हायची आणि भीती गाठायची. मुलाच्या लग्नात मी कशी दिसेन हे मी आता मनातही आणत नव्हते. मी असेन की नाही हे आणत होते. मग वाटायचं, असा विचार केला म्हणूनच तसं होईल, आणि उठून घर पुसायला घ्यायची.

त्याच आठवड्यात आम्ही दोघं आहेराच्या साड्या घ्यायला लहरीपुऱ्याच्या बाजारात गेलो. दुकानदाराने एक मोरपंखी साडी माझ्या खांद्यावर टाकली आणि आरशाकडे वळवलं. मला आरशात फक्त पट्टी दिसली.

"आवडली नाही का?" यजमानांनी विचारलं.

"आवडली."

"मग ही तुलाच घेऊ. वरमाईला."

मी साडी खांद्यावरून काढून ठेवली आणि दुकानाबाहेर आले. बाहेर ही गर्दी, पतंग-मांज्याचे ढीग, हॉर्न. शेजारच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसले. ते मागून आले, तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय लागत असताना.

ते उभेच होते. मग माझ्या शेजारी पायरीवर बसले. "मला कधी सांगणार होतीस?"

"लग्न झाल्यावर."

"बरं," ते म्हणाले. पुन्हा एकदा "बरं" म्हणाले. त्यानंतर घरी पोचेपर्यंत त्यांनी माझा दंड सोडला नाही. भर बाजारात त्यांनी असा हात धरल्याचं मला पस्तीस वर्षांत आठवत नाही, आणि त्यानेच मी जास्त घाबरले.

उत्तरायणाला सगळी सोसायटी गच्चीवर होती. मुलगा, त्याचे मित्र, स्पीकर, खाली पातेल्यात उंधियोची भाजी. यजमान दरवर्षी सकाळी सातला गच्ची गाठतात. त्या दिवशी ते माझ्याजवळ खालीच बसले, पेपर उघडून. पान उलटल्याचा आवाज काही आला नाही.

रिपोर्टच्या दिवशी बहीण बरोबर होती. डॉक्टर म्हणाल्या, "कॅन्सर आहे," आणि पुढचं मी ऐकलंच नाही. त्यांचे ओठ हलत होते. बाहेर आल्यावर, स्कूटरजवळ उभं राहून बहिणीने मला तीनदा सांगितलं. हा प्रकार सहसा आपल्या जागीच राहतो, दुसरीकडे क्वचितच जातो. आजूबाजूच्या थोड्या कातडीसकट कापून काढला की बहुतेकांचं तिथेच संपतं. तिसऱ्यांदा मला शब्द कळले, पण पटले नाहीत.

तिने आत डॉक्टरांना मशीनबद्दलही विचारलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, असा डाग असेल तर त्यावर कसलाही लाइट लावायचा नाही, आधी दाखवायचं. "लावला असता तर काय झालं असतं ते मी सांगू शकत नाही. पण चेहरा छान दिसायला लागला असता, आणि तुमच्या बेननी अजून वर्षभर काढलं असतं."

आठवड्याभरात तो काढला. पूर्ण भूल नव्हती. कात्रीचा बारीक आवाज कानाला अगदी लागून येत होता आणि जळाल्याचा वास. तो वास माझाच आहे हे कळल्यावर मी आतून आक्रसून गेले. सात टाके पडले. पुढचा रिपोर्ट आला, कडा स्वच्छ होत्या. लग्नात बहिणीने माझे केस जरा खाली घेऊन बांधले, आणि मी अक्षता टाकल्या, विहिणीला भेटले, फोटोत हसले.

लाल लाइटसमोर मी पुढेही बसले नाही. बहीण ते मशीन वापरते, पण आधी समोरच्या बाईला खिडकीशी बसवून चेहरा, मान, कानामागे सगळं बघते. बायका कंटाळतात.

दर सहा महिन्यांनी मला तपासायला बोलावतात. त्याच्या आदल्या दिवसापासून माझं जेवण उतरत नाही. मागच्या खेपेला डॉक्टरांनी मानेवर मागे काहीतरी बघितलं आणि भिंग तिथेच धरून थांबल्या. मला बाबांची पेज दिसायला लागली. मग त्या म्हणाल्या, "साधा तीळ आहे. जा घरी."

बाहेर बाकावर बहीण बसली होती. बाबांची पेज अजून माझ्या डोळ्यांसमोरून गेली नव्हती. तिने माझा चेहरा बघितला आणि एकदम रडायला लागली, तोंडावर दोन्ही हात घेऊन, लहान मुलीसारखी. मी तिचे हात ओढून बाजूला केले.

"अगं, काही नाही निघालं," मी म्हणत होते. "ऐक ना. काही नाही निघालं."

तिला ते ऐकू जायला बराच वेळ लागला.