हरितगृहातली एक मधमाशी

"दार लाव रे मेल्या, माशी गेली आत!"

हरितगृहातली संशोधक बाई अशी ओरडली की पवई तलावातल्या सगळ्या मगरी तळाशी जाऊन बसल्या असतील. मी कूलर दुरुस्त करायला आलेला, दार सताड उघडं टाकून उभा.

तिच्या हरितगृहात लसूणघास फुलला होता. म्हशींचा साधा चारा, पण याचं जनुक बदललेलं. अळीने चावा घेतला तर अळीच मरते, तणनाशक ओतलं तरी हा डोलत उभा. याचा एक परागकणही बाहेर जाता कामा नये. माशी तो घेऊन निसटली तर पाच वर्षांचं काम, सगळी रोपं, जाळायची असा नियम.

ही दिंडोशीची बाई एरवी मोजकं बोलायची. केसांत कधी गजरा नाही. घरी निघताना पदर झटकायची, चपलांचे तळ घासायची. स्वतःची सावलीही झटकून मगच बाहेर पडायची, हे मी शपथेवर सांगतो.

त्या दिवशी तिने आतून कडी घातली आणि चहाचा रिकामा ग्लास घेऊन उभी राहिली. "हलू नको," मला म्हणाली. मी कसला हलतोय, माझ्या पायांना मुळं फुटली होती. चौथ्या तासाला माशी फुलांवरून फिरून दमली आणि उजेडाकडच्या जाळीवर बसली. ग्लास तिच्यावर असा उतरला की जाळी थरथरलीसुद्धा नाही.

"ताई, एका माशीसाठी चार तास?"

ग्लासाखाली कागद सरकवत ती म्हणाली, "एकच होती, म्हणून लवकर झालं."