वसंताचा तिसरा रस्ता

अकोल्याहून वाशीमला जाणारी मोटार पातूरच्या घाटात दमली आणि मालेगावला येऊन बसलीच. ड्रायव्हर पाणी आणायला गेला. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "वाशीमले कायले चालले?"

"मित्राचं गणित तपासायला."

"टपालानं धाडलं असतं तं?"

"तो फार आजारी आहे."

त्यांनी पुडीतले शेंगदाणे माझ्यापुढे केले. गाडी पुन्हा निघाली. दोन्ही अंगांना पऱ्हाटी (कपाशी) फुटली होती, पण माझं लक्ष काही लागेना.

वसंता ओसरीवर बाजेवर बसला होता. नागपूरच्या कॉलेजात आम्ही एका बाकावरचे. मी तिथेच शिकवायला राहिलो, तो गावच्या शाळेत आला. क्षयाने त्याच्यातला निम्मा माणूस नेला होता. डॉक्टरांनी आशा सोडली आहे, हे वहिनींनी मला दारातच हळू आवाजात सांगितलं. गणितातली एक तरी खरी गोष्ट मागे ठेवून जायची, एवढीच त्याची इच्छा होती, आणि ती मी तपासायची होती.

जेवायला कळण्याची भाकर (ज्वारी-उडदाच्या पिठाची) आणि ठेचा होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी ठेच्यावर ढकललं.

मग त्याने आपलं गणित मांडायला घेतलं. एका सरळ रस्त्याचे नियम लिहायचे. कोणत्याही दोन जागांमध्ये आणखी एक जागा आहेच. रस्त्याला आरंभ नाही, शेवट नाही. आणि त्यावर एकापुढे एक, कधी न संपणारे दगड रोवलेले. हे नियम पाळणारे आणि ज्यांच्या जागांची, रस्त्यावरचा क्रम सोडून का होईना, पहिली, दुसरी अशी यादी करता येईल, असे रस्ते किती प्रकारचे? क्रम न मोडता, दगडाला दगड लावून जे जुळवता येतात, ते दोन रस्ते एकच धरायचे. वसंताचं उत्तर होतं, दोन.

"एकात कुठंबी जा, पुढं दगड हायेच. दुसऱ्यात साऱ्या दगडाइच्या पल्याडबी रस्ता हाय. तो जिथून सुरू होते, ती त्याची शीव."

गावाकडे शीव असतेच. लग्नाच्या वऱ्हाडाला सामोरं जायचं, नारळ फोडायचा, ते शिवेवरच्या शेंदरी दगडापाशी. जिथे एक संपून दुसरं सुरू होतं तिथे एक नेमकी जागा असणारच, याची वसंताला कधी शंकाच आली नव्हती. मी मात्र नियम पुन्हा एकेक करून पाहिले. नियमांत शीव होती कुठे? पल्याड रस्ता आहे, पण पल्याडची पहिली जागाच नाही, असा तिसरा रस्ताही सगळे नियम पाळत होता. त्यावर पल्याडून दगडांकडे कितीही मागे या, त्याहून मागे पल्याडचीच आणखी एक जागा उरे.

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण त्याने मला खरं बोलायलाच बोलावलं होतं. मी सांगितलं.

वहिनी चुलीपासून उठून आल्या. "एवढ्या दुरून हेच सांगाले आले का भाऊजी? बरोबर हाय म्हटलं असतं तं काय बिघडलं असतं?"

वसंता डोळे मिटून तो तिसरा रस्ता मनात चालून पाहत होता.

"थांब वं," तो म्हणाला, "बरोबर सांगून राह्यला तो. तीन हायेत." मग एकदम सरसावून बसला. "पण चौथा काहून नाही? ते तं दाखवाच लागन. मले पाटी दे."

त्याच्या चेहऱ्यावर आलेला रंग पाहून मला आनंद झाला, आणि एवढं त्याला झेपेल का, अशी भीतीही वाटली. वहिनींनी पाटी पुसून दिली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

सकाळी निघालो तेव्हा तो पाटीवरून नजर न काढता म्हणाला, "नीट जाय."

परतीच्या मोटारीत मी तेच घोळवत होतो. पातूर यायच्या आत चौथा का नाही ते मला उमगलं. फार अवघड नव्हतं. अकोल्याला उतरून त्याला चार ओळी खरडाव्यात असं मनात आलं आणि मी ते दाबून टाकलं. चूक सांगायला मी तिथवर गेलो होतो. हे मात्र त्याचं त्याला सापडू दे, आणि देवा, सापडायला वेळ लागू दे.